पंपाबरोबर पुस्तक आले नाही

गेल्या महिन्यात आमच्या वाडीतल्या विहिरीवर नवा पंप बसवला. चोंढीहून टेम्पो आला, त्यातून दोन पोरे उतरली, त्यांनी खोके फोडले आणि दोन तासांत पाणी माडांच्या आळ्यांतून खळखळू लागले. सगळे आटोपल्यावर मी रिकामे खोके उलटेपालटे करून पाहू लागलो. थर्मोकोलचे दोन तुकडे, हमीपत्राचे कार्ड आणि त्या कार्डावर एक काळापांढरा चौकोन. बस्स.

“पुस्तक कुठे आहे रे?” मी विचारले.

थोरला पोरगा बावीस-तेवीस वर्षांचा असेल. मी जणू पंपाबरोबर दौत-टाक मागितला, अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिले. “काका, आता पुस्तक नाही येत. हा कोड मोबाइलवर स्कॅन करायचा. सगळं त्यात आहे.”

सगळे त्यात होते, हे खरेच. बऱ्याच पंपांच्या यादीतून आपला पंप शोधला की इंग्रजी मजकूर उघडत होता. पण आकृती मोठी करावी तर तिच्यातले आकडे कशाचे, हे सांगणारी यादी पडद्याबाहेर जायची. यादी वाचायला जावे तर आकृती नाहीशी व्हायची. अर्ध्या तासाने मी चष्मा काढून ठेवला. म्हातारा झालो, असे घरात कोणी तरी म्हणालेच.

म्हातारा झालो हे मान्य. सदतीस वर्षे बँकेत काढली, उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या, निवृत्तीनंतर किहीमला वडिलांच्या घरी येऊन राहिलो. कागदावर माझे प्रेम असणार, हे उघड आहे. तेव्हा वाचकांनी माझे म्हणणे थोडे वजावट करूनच ऐकावे. पण ज्या कारणाने मी ते पुस्तक मागितले ते कारण प्रेमाचे नाही. ते २०२० सालच्या जून महिन्यातले आहे.

त्या वर्षी ३ जूनला दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. ज्यांनी ते पाहिले त्यांना वर्णनाची गरज नाही आणि ज्यांनी पाहिले नाही त्यांना वर्णनाने कळणार नाही. वाऱ्याचा तो आवाज थांबल्यावर बाहेर आलो, तर वाडीतल्या सुपाऱ्या काडेपेटी उपडी करावी तशा पडल्या होत्या. विजेचे खांब वाकले होते, तारा रस्त्यावर. फोनला रेंज नाही आणि पुढच्या दिवसापासून फोनच नाही, कारण चार्ज कुठे करणार? त्यात टाळेबंदी. मुंबईची बोट बंद, अलिबागहून मिस्त्री आणावा तर त्याच्याच घरावरचे पत्रे उडालेले.

दोन दिवसांत वरच्या टाक्या रिकाम्या झाल्या. आमच्या आळीतल्या बहुतेक विहिरींवरचे रहाट केव्हाच गेले. पंप आल्यावर आम्ही विहिरींवर लोखंडी जाळ्या बसवून घेतल्या. जाळी उचलून दोरीने कळशी काढायची, तर सहा घरांत मिळून तसे काम करणारे दोनच हात धड होते. तेव्हा गोठ्याच्या पडवीत झाकून ठेवलेल्या डिझेल इंजिनाची आठवण झाली. वडिलांनी ते १९७९ साली घेतले होते. एक सिलिंडर, पाच अश्वशक्ती, पाण्याने थंड होणारे. माझ्या शाळकरी धाकट्या भावाचा मे महिना त्याच्या धडधडीत गेला. मी तेव्हा कॉलेजसाठी पुण्याला होतो.

कोणाच्या तरी गाडीतून पाच लिटर डिझेल काढले, टाकीत ओतले आणि हँडल मारायला सुरुवात केली. मी मारले, शेजाऱ्यांनी मारले, शेजाऱ्यांच्या मुलाने मारले. इंजिन नुसते फुसफुसायचे. संध्याकाळपर्यंत आमच्या तिघांचेही खांदे गेले. रात्री मेणबत्तीच्या उजेडात बायको म्हणाली, “अहो, त्या इंजिनाचं पुस्तक मामंजींनी सातबाऱ्याच्या ट्रंकेत ठेवलं होतं ना?”

होते. फेरफार, खरेदीखत, वारसनोंद आणि त्यांच्या खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत इंजिनाचे पुस्तक. मजकूर इंग्रजीत, शेवटची काही पाने मराठीत. त्या मराठी पानांत तीन रकान्यांचा एक तक्ता होता: दोष, संभाव्य कारण, उपाय. पहिलाच दोष ‘इंजिन सुरू होत नाही’. त्यापुढे सात कारणे. त्यांतल्या तिसऱ्या कारणाखाली वडिलांनी पेन्सिलीने रेघ मारली होती: ‘इंधनाच्या नळीत हवा शिरणे’. समासात त्यांच्या मास्तरी अक्षरात लिहिले होते, ‘टाकी कोरडी पडू दिल्यास हे होणारच.’

टाकी मीच कोरडी पडू दिली होती, एक-दोन नव्हे, कित्येक वर्षे.

सकाळी पुस्तक दगडाखाली उघडे ठेवून आम्ही कामाला लागलो. आधी फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचा. त्यातून फेसाळ डिझेल येते, बुडबुडे थांबून सलग धार लागली की आवळायचा. मग तेच पंपावर. मग इंजेक्टरच्या नळीची चाकी सैल करून, डिझेलचे थेंब येईपर्यंत हँडल फिरवायचे आणि ती घट्ट करायची. शेवटी वरची खिट्टी उचलून, म्हणजे सिलिंडरमधला दाब सुटून हँडल हलके फिरते, जोराने फेरे द्यायचे आणि वेग आला की खिट्टी सोडायची. चौथ्या खेपेला इंजिन धडधडले. काळ्या धुराचा तो लोट पाहून शेजारच्या आजींनी लांबूनच हात जोडले. पुढचे नऊ दिवस सहा घरांचे पाणी त्या इंजिनाने ओढले.

आता कोणी म्हणेल, हा संकटकाळ झाला. वादळ रोज येत नाही. कबूल. वीज आणि रेंज असताना फोन काय वाईट? आणि फोनही आधी भरून ठेवता आला असता, मजकूर आधी उतरवून घेता आला असता. हे सगळे खरे आहे, म्हणून केवळ या गोष्टीवर मी एवढा कागद खर्च केला नसता. मला त्या रात्री दुसरेच काही तरी कळले. मेणबत्तीशी बसून मी तो तक्ता पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मला हवा होता एकच दोष, पण पानावर वीस होते. इंजिन धूर का ओकते, ठोके का देते, दहा मिनिटे चालून बंद का पडते. त्यांतले काहीच माझे झाले नव्हते. पण वाचून संपले तेव्हा पडवीतला तो लोखंडी गोळा मला पहिल्यांदाच समजल्यासारखा वाटला. डिझेल कुठून येते, हवा कुठून, पाणी कुठून आणि यांतले एक अडले की काय होते.

फोनला प्रश्न विचारावा लागतो. प्रश्न विचारायला निम्मे उत्तर आधी ठाऊक असावे लागते. यंत्राचे पुस्तक न विचारलेलेही सांगत बसते, घरातल्या वडीलधाऱ्यांसारखे.

याचे एक उदाहरण गेल्याच वर्षीचे. आमच्याकडे येणारा एक कोळ्याचा मुलगा आहे. होड्यांची इंजिने तो दुरुस्त करतो आणि त्याची विद्या सगळी फोनवरची. तो केरळ-तमिळनाडूतल्या मिस्त्र्यांची चित्रणे बघतो. भाषा एक अक्षर कळत नाही. “काका, मी त्यांचे हात बघतो,” तो म्हणतो. हे ऐकून मी गप्प झालो, कारण हे कोणत्याही पुस्तकाला जमणार नाही. पाना किती आवळायचा, बेअरिंग गेल्यावर आवाज कसा येतो, हे छापता येत नाही. माझ्या पुस्तकात ‘धातूचा ठोका ऐकू येतो’ एवढेच लिहिले आहे. आता धातूचा ठोका म्हणजे कोणता, हे कादंबरीकाराने कल्पनेने ओळखावे काय?

पण याच मुलाला एका इंजिनाने आठ दिवस रडवले. सुरू व्हायचे, दहा मिनिटे छान चालायचे आणि बंद पडायचे. थोड्या वेळाने पुन्हा सुरू. त्याने फोनला विचारले. फोनने फिल्टर बदलायला सांगितले. त्याने फिल्टर बदलला, मग पुन्हा बदलला, मग नळी बदलली. थळच्या खत कारखान्यातून निवृत्त झालेले आमचे एक शेजारी आहेत. त्यांनी माझ्याकडून पुस्तक नेले, तक्त्यावर बोट ठेवले आणि त्या मुलाला टाकीचे झाकण आणायला सांगितले. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असते. ते मिठाने आणि धुळीने बुजले होते. डिझेल खाली जाईल तशी वरून हवा आत यायला हवी. ती येईना, म्हणून टाकीत ओढ निर्माण व्हायची आणि डिझेल अडायचे. टाचणीने काम झाले.

“हे मला कुठं दिसलं नाही,” तो म्हणाला. दिसणार कसे? इंधन अडते म्हणून त्याने शोधले होते, आणि झाकण हे काही इंधन नव्हे.

आमच्या किहीमला १९३० साली सलीम अली राहिले होते आणि येथल्या सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांचा त्यांनी अभ्यास केला, हे पुष्कळांना माहीत आहे. त्यांना मोटारसायकलींचे जबर वेड होते, हे कमी लोकांना माहीत असते. १९५० साली स्वीडनमध्ये उप्साला येथे पक्षिशास्त्रज्ञांची परिषद होती, तेव्हा त्यांनी आपली सनबीम बोटीवर चढवून युरोपात नेली आणि तिच्यावरून परिषदेला गेले. पण मी त्यांचे नाव काढले ते त्यांच्या पुस्तकासाठी. भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे पुस्तक १९४१ साली निघाले. आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांच्या फोनमध्ये आता आवाज ऐकून पक्ष्याचे नाव सांगणारी सोय असते. फार चांगली सोय आहे, मीही वापरतो. नाव कळते आणि पाहुणे चहाकडे वळतात. पुस्तक उघडले की शेजारच्या पानावर त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा पक्षी असतो, आणि आपण पाहिला तो नक्की कोणता, असा संशय येऊन माणूस पुन्हा खिडकीशी जातो.

माझ्यासारख्यांच्या अनुभवाला संशोधनाचा थोडा आधारही आहे. २०१८ साली काही युरोपीय व इस्रायली अभ्यासकांनी कागदावरचे वाचन आणि पडद्यावरचे वाचन यांची तुलना करणारे ५४ अभ्यास एकत्र तपासले. वाचकांची एकूण संख्या १ लाख ७० हजारांवर होती. माहितीपर मजकूर कागदावर अधिक चांगला समजतो आणि वेळेची घाई असली की हा फरक वाढतो, असे त्यांना दिसले. कथा-कादंबऱ्यांच्या बाबतीत मात्र फरक आढळला नाही. म्हणजे माझ्या कादंबऱ्या फोनवर वाचल्या तरी चालतील, पंपाचे पुस्तक नको! लेखकाच्या अभिमानाला हे जरा लागले, पण पटले.

बँकेतही आम्ही हे भोगले आहे. रिझर्व्ह बँकेचे त्यावेळचे डेप्युटी गव्हर्नर डॉ. रंगराजन यांच्या समितीचा बँकांतल्या यांत्रिकीकरणावरचा अहवाल १९८४ साली आला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत शाखाशाखांत लेजर पोस्टिंगची यंत्रे येऊ लागली. युनियनचा विरोध, मोर्चे, वाटाघाटी हे सगळे झाल्यावर आमच्या शाखेतही एक यंत्र आले. त्याला वेगळी खोली, वातानुकूलन आणि दाराबाहेर चपला काढण्याचा नियम. देवच म्हणा ना. त्याच्याबरोबर कड्यांच्या फायलीत घातलेली जाडजूड इंग्रजी पुस्तिका होती. ती हातात धरायची आमची छाती होईना.

आमचे हेडक्लार्क मात्र वेगळेच रसायन होते. मॅट्रिक झालेले, निवृत्तीला चार वर्षे राहिलेली, यंत्राविरुद्धच्या मोर्चात सगळ्यात पुढे. त्यांनी ती फाईल रोज संध्याकाळी घरी नेली आणि दोन महिन्यांत दोनशे पानी वहीत मराठीत उतरवली. यंत्राला ते ‘हा’ म्हणायचे. ‘दिवसअखेर न करता हा बंद केल्यास दुसऱ्या दिवशी रुसतो.’ ‘वीज गेल्यास घाबरू नये, शेवटचे व्हाउचर पाहावे.’ त्या वहीच्या झेरॉक्स प्रती जिल्ह्यातल्या आमच्या सगळ्या शाखांत फिरल्या. मी अधिकारी होतो, पदवीधर होतो, आणि ते यंत्र शिकलो त्या वहीतून. पुढे सगळ्या बँका एकमेकींना जोडल्या गेल्या, सूचना पडद्यावर येऊ लागल्या, त्याही रोज बदलणाऱ्या. नवी मुले त्या भराभर वाचत आणि भराभर काम करीत. पण एखादी नोंद उलटी पडली की ‘सिस्टिम घेत नाही’ एवढेच उत्तर मिळे. का घेत नाही, हे त्यांना कोणी दाखवलेलेच नव्हते. दोष त्यांचा नव्हे.

यंत्र आणि छापील कागद यांचे नाते महाराष्ट्राला नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि १९१० साली औंध संस्थानातल्या माळरानावर कारखाना हलवला. लोखंडाच्या नांगराने जमीन नासते, अशी समजूत असलेल्या शेतकऱ्याला त्यांना नांगर विकायचा होता. तेथूनच १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. आपल्या पिढीला ‘किर्लोस्कर’ हे घरोघर येणारे वाङ्मयीन मासिक म्हणून ठाऊक. पण त्याचे मूळ कारखान्याच्या त्या खबरपत्रात आहे. यंत्र विकायचे तर यंत्राविषयी गिऱ्हाइकाशी बोलले पाहिजे, आणि तेही त्याच्या भाषेत, हे त्या माणसांना शंभर वर्षांपूर्वी कळले होते.

पडद्याने आपले काहीच भले केले नाही, असे मी म्हणणार नाही. १९७६ साली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड निघाला तेव्हा खंड विकत घेणे आमच्या घराला परवडले नसते; तो पाहायला वाचनालयात जावे लागे. आज तोच विश्वकोश कोणत्याही मुलाला फोनवर फुकट वाचता येतो आणि त्यात इंजिनापासून पंपापर्यंतच्या नोंदी मराठीत आहेत. आयटीआयसाठी चेन्नईची सरकारी संस्था जी पाठ्यपुस्तके काढते तीही छापील मिळतात आणि संगणकावरही. हेच मला योग्य वाटते. दोन्ही असावे. माझी तक्रार एकाने दुसऱ्याला घराबाहेर काढले याबद्दल आहे. आणि ते वाचकाच्या सोयीसाठी नव्हे, छपाईचा खर्च वाचवण्यासाठी.

शिवाय ही बचत नेहमी गिऱ्हाइकाच्याच पदरातून का व्हावी? युरोपीय संघाने २०२३ साली यंत्रांसंबंधी नवा नियम केला आणि तो जानेवारी २०२७ पासून लागू करायचे ठरवले. त्याने उत्पादकांना सूचना डिजिटल रूपात द्यायची मोकळीक दिली. पण गिऱ्हाइकाने खरेदीच्या वेळी मागितल्यास महिन्याभरात छापील प्रत विनामूल्य द्यायची, आणि घरगुती वापराच्या यंत्रांबाबत सुरक्षिततेची आवश्यक माहिती कागदावरच द्यायची, असे बंधनही घातले. डिजिटल सूचना यंत्राच्या अपेक्षित आयुष्यभर आणि निदान दहा वर्षे उपलब्ध ठेवाव्यात, असेही त्यात आहे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाचे संकेतस्थळ सुरू केले. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती आणि सुट्या भागांची माहिती ग्राहकांपुढे ठेवावी, हा त्याचा उद्देश. चांगला आहे. पण त्यातही माहिती मिळणार ती पडद्यावर, आणि बहुतेक इंग्रजीत.

दहा वर्षांच्या त्या अटीवर मी बराच वेळ अडून राहिलो. आमचे इंजिन वादळाच्या वेळी एक्केचाळीस वर्षांचे होते. कोणत्या कंपनीचे कोणते पान एक्केचाळीस वर्षे जागेवर राहील? किहीमच्या खाऱ्या हवेत तो चौकोन छापलेला कागद एक पावसाळा काढील की नाही, याचीच मला शंका आहे. कागदाला वाळवी लागते, कसर लागते, हे मला कोणी सांगू नये. आमच्या घरातली निम्मी पुस्तके अशीच गेली. म्हणूनच तर वडिलांनी ते सातबाऱ्याबरोबर ठेवले. ज्याची किंमत कळते ते माणूस ट्रंकेत ठेवतो. फोनमधले पान कोणी ट्रंकेत ठेवीत नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. विजेवर, डिझेलवर किंवा गॅसवर चालणाऱ्या कोणत्याही यंत्राबरोबर आठ पानांची मराठी पुस्तिका हवी. एका पानावर सबंध यंत्राची आकृती, एका पानावर दोषांचा तक्ता, बाकी पानांवर काय करू नये ते. आणि दोन पाने कोरी. कोऱ्या पानांचा आग्रह मी धरतो, कारण त्या जुन्या पुस्तकाच्या मलपृष्ठाच्या आत वडिलांनी तेल बदलल्याच्या तारखा लिहून ठेवल्या आहेत. पहिली १४ मे १९८२ ची. शेवटची १९९६ ची, अक्षर हललेले. त्यानंतर काही नाही. माझी बदली तेव्हा विदर्भात होती.

त्या नव्या पंपाचा मजकूर अखेर मी चोंढीला जाऊन छापून आणला. कोड स्कॅन करायला सांगणारा थोरला पोरगा दुकानावरच होता. माझ्या हातातले कागद त्याने चाळले आणि आकृतीच्या पानावर थांबला. “काका, हा वॉल्व्ह आम्ही उलटा तर नाही ना बसवला?” तो म्हणाला. संध्याकाळी तो पाना घेऊन आला. वॉल्व्ह सुलटाच होता. जाताना तो म्हणाला, “या पानाची एक झेरॉक्स मला पण द्या.”